भावोजींचे सात हिरे आणि चिमणीचे सहा दात

ती. भावोजींस,

आपल्या एकुलत्या एक मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार (कमरेमुळे प्रत्यक्षात तो उभ्यानेच घातला आहे, पण साष्टांगच समजून घ्यावा). ताईचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना ती अजून तुमच्याच नावाने खडे फोडते, की आता देवाचं नाव घेऊ लागली? तुम्ही लोकांचे दात काढायचे आणि मी त्या जागी कवळ्या करून द्यायच्या, या जोडधंद्यातूनच आपलं नातं जुळलं. तेव्हा दातांच्या बाबतीत तुमच्यापासून काही लपवणं म्हणजे पाप. म्हणून हे सविस्तर पत्र.

तुम्ही खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, कापसात गुंडाळून पाठवलेले ताईच्या जुन्या अंगठीतले सातही हिरे सुखरूप पोचले. सोबतची चिठ्ठीही पोचली. "खरं ते खरं. आपल्या घरची मुलगी खोटे खडे लावून लोकांसमोर जाणार नाही." ही चिठ्ठी मी कामाच्या टेबलासमोर प्लास्टरने चिकटवली होती. होती, असं का लिहिलं, ते आता सांगतो.

आमची चिमणी रॅप गाते, हे तुम्हाला माहीत आहे. (गाते म्हणण्यापेक्षा भांडते म्हणावं, पण यमक सांभाळून.) दिवसभर विमा कंपनीच्या तक्रार विभागात लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि शनिवारी त्या चालीवर परत करायच्या, असा तिचा छंद. मंचावर तिचं नाव 'करवत'. या मंडळींत गळ्यात साखळदंडाएवढी साखळी आणि पुढच्या सहा दातांवर खडे जडवलेलं आवरण घालतात. त्याला ग्रिल म्हणतात. कवळी नव्हे, खऱ्या दातांवर चढवायची टोपी. चिमणीने सांगितलं तेव्हा मला आधी धक्का बसला आणि मग, खरं सांगतो, छाती फुगली. तीस वर्षं मी दात असे घडवले की ते कोणाच्या नजरेत येऊ नयेत. पहिल्यांदाच कोणीतरी नजरेत येणारे दात मागत होतं, आणि तीही पोटची पोर!

माप घेताना तिच्या तोंडात ठशाचा मसाला भरला आणि तो घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं ती गप्प बसली. जन्मापासूनची ही पहिलीच वेळ. आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून.

तर पहिला जोड मी तुमच्या हिऱ्यांचाच केला. हिरे अस्सल, त्यात वाद नाही. पण भावोजी, रागावू नका, तुमच्या लग्नाच्या वेळी तुमची प्रॅक्टिस नवीन होती आणि हिरेही त्या मानानेच होते. सात हिरे सहा दातांत वाटायचे म्हणजे तिळगुळाच्या एका वडीत अख्खी आळी जेवू घालण्यासारखं. तरी जडवले. भिंगातून पाहिलं तर डोळे दिपत. चिमणी ते घालून रॅपच्या स्पर्धेच्या निवड फेरीला गेली आणि मी आठव्या रांगेत बसलो, भिंग न घेता.

पहिल्या कडव्यालाच दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी तिला खूण केली. स्वतःच्या दातावर बोट फिरवून दाखवलं. चिमणीला वाटलं, दाद आहे. ती आणखी हसली. मग शेजारच्या गृहस्थांनी तीच खूण केली, मग अख्खी रांग दातांवरून बोटं फिरवू लागली. शेवटी निवेदक पाण्याचा ग्लास घेऊन मंचावर आला आणि माइक चालू आहे हे विसरून हळूच म्हणाला, "चूळ भरून घ्या, काहीतरी अडकलंय."

सभागृह हशाने कोसळलं. चिमणीची पुढची ओळ गेली ती गेलीच. कशीबशी अंतिम फेरीत शिरली, शेवटून पहिली. येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, अगं, अस्सल आहेत ते. ती म्हणाली, "बाबा, अस्सल भात." त्यानंतर चार दिवस घरात यमक नाही, भांडण नाही, काही नाही. अंतिम फेरीतून नाव काढून घेते म्हणाली. आमची ही माझ्याशी बोलेना, जणू हिरे मीच पिकवले होते.

शेवटी मी शेजारच्या गल्लीतल्या सोनाराकडे गेलो. (हा मनुष्य इतका खडूस आहे की गिऱ्हाईक आलं तरी वर बघत नाही.) त्याने तुमचे हिरे पाहिले, ग्रिल पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाला, "कवळीवाले, पोरगी साखरपुड्याला बसणार आहे की मंचावर उभी राहणार आहे?" मग त्याने एका पुडीतून खडे टेबलावर ओतले. मॉयसनाइट. माणसाने भट्टीत बनवलेला खडा. मूळचा म्हणे आकाशातून पडलेल्या दगडात सापडला होता. कडकपणात हिऱ्याच्या एकच पायरी खाली, आणि दिव्याखाली धरला तर हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतो. जाणकार नाक मुरडतात ते त्यामुळेच, फार चमकतो म्हणून. मी म्हटलं, आम्हाला फारच चमकायला हवाय. एका हिऱ्याच्या किमतीत तर मूठभर खडे आले; आवरणही भरलं आणि करवतीच्या आकाराचं लॉकेटही.

तुमची चिठ्ठी तरीही टेबलासमोर होतीच. दोन दिवस मी तिच्याकडे पाठ करून काम केलं (कमरेला त्याचाही त्रास झाला). मग एक आजोबा कवळी न्यायला आले. त्यांनी तिथल्या तिथे खिशातून चिक्की काढली, कडाकडा फोडली आणि डोळ्यांत पाणी आणून माझे हात धरले. भावोजी, तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला विचारलं नाही की हे दात खरे आहेत का. चावता येईल का, हसता येईल का, एवढंच विचारतात. आजोबा गेल्यावर मी तुमची चिठ्ठी अदबीने काढली आणि खणात ठेवली.

अंतिम फेरीत चिमणी हसली तेव्हा आठव्या रांगेत माझ्या शर्टावर रंगीत ठिपके नाचले. समोर प्रतिस्पर्धी 'तोफ', दोन माणसांच्या रुंदीचा. या स्पर्धेत एकमेकांची अब्रू काढणं नियमातच बसतं. त्याने खिशातून हिरा तपासायचं पेन काढलं आणि ओरडला, "कवळीवाल्याच्या पोरीकडे हिरे? लाव दाताला!" चिमणीने ओठ वर केला. पेन वाजलं. (सोनाराने मला नंतर समजावलं, ते पेन उष्णतेवर चालतं आणि मॉयसनाइटलाही हिराच समजतं.) लोक वेडे झाले, तोफेचा चेहरा पडला. आता हिने गप्प बसायचं की नाही? जिंकली होती! पण तुमची भाची, खरेपणाचा किडा तिलाही आहेच. माइक ओढला आणि म्हणाली:

दातावरचा खडा खोटा, सांगते मीच आधी,
बाप माझा दात घडवतो, नाही त्याची गादी;
शब्द माझे लाव पेनाला, एक तरी उसना काढ,
नाहीतर तुझ्या तोफेपेक्षा बरी माझी दाढ!

आणि पेन हिसकावून त्याच्याच लॉकेटला लावायला गेली. तोफेने दोन्ही हातांनी लॉकेट झाकलं. त्यानंतर काही मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही. मला फक्त एक शिट्टी ऐकू आली आणि वळून पाहिलं तर 'असल्या ठिकाणी मी पाऊल ठेवणार नाही' म्हणणारी आमची ही, खुर्चीवर उभी. नंबर दुसरा आला, वेळ जास्त घेतला म्हणून. चिमणीला त्याचं काही नाही. सोमवारी तक्रार विभागात गात गेली.

ताईला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मेव्हणा

ता.क. सातही हिरे त्याच डबीत परत पाठवत आहे. ताईच्या बोटावर ते फार शोभतात. बोट जवळून पाहिलं जातं.

ता.क. २. स्पर्धेनंतर तोफ स्वतः घरी आला, खुर्चीत मावला नाही, आणि वरच्या सहा दातांची ऑर्डर देऊन गेला. मॉयसनाइटच हवंय म्हणाला. पोरगा गुणी आहे.

ता.क. ३. पत्राचं खरं कारण. तोफेचा जोड झाल्यावर, बसतो कसा हे पाहायला मी तो माझ्याच दातांवर चढवला. घसरू नये म्हणून थोडं तात्पुरतं सिमेंट लावलं. तात्पुरत्या आणि कायमच्या सिमेंटच्या ट्यूबा दोन्ही निळ्याच का असाव्यात? आज तिसरा दिवस. मी तोंड उघडलेलं नाही. ही समजते मी रुसलोय. काल तिने लग्नानंतर पहिल्यांदाच माझी माफी मागितली. कशाबद्दल ते कळलं नाही, पण मी मान डोलावली. फोन करू शकत नाही, म्हणून पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. गुरुवारी तोफ आपले दात न्यायला येणार आहे. तेव्हा टोपी उपटायचं तुमचं ते आकड्याचं हत्यार घेऊन मिळेल त्या बसने निघा. ताईला कारण सांगू नका. आणि दारात मी तुमचं हसून स्वागत करणार नाही, त्याचा राग मानू नये.