मनूला उचलण्यापुरता दम

१३ नोव्हेंबर २००६
इको झाला. डॉक्टर म्हणाले, "दिल सिकुड़ता तो ठीक है, ढीला नहीं पड़ता. शुगर और वज़न, दोनों का काम है." साखर कित्येक वर्षांची, वजनाचं न लिहिलेलंच बरं. म्हणून मनूला पलंगावरून खुर्चीत ठेवलं की धाप लागते. वर म्हणाले, व्यायाम करा. म्हटलं, जन्मापासून पायांत बळ नसलेली एकवीस वर्षांची मुलगी दिवसभर उचलते, आणखी काय करू? तर हसले. "वो मेहनत है, एक्सरसाइज़ नहीं." धन्य.

घरी ह्यांनी चौमूं गावाचा विषय काढलाच. तिथे अशा मुलींची संस्था आहे, होळीनंतर एक जागा होईल म्हणतात. ह्यांची कंबर गेलेली, त्यात विमा कंपनीचे दौरे. उचलणारी मी एकटी. शेवटी ठरलं: होळीपर्यंत व्यायाम, मग पुन्हा इको. हृदय सुधारलं तर मनू घरी, नाही तर चौमूं. मनू पलीकडच्या खोलीत होती. टीव्हीचा आवाज तिने बारीक केलेला.

२० नोव्हें.
सुरू. हॉस्पिटलच्या तळघरात सायकली. शिकवणारी ज्योतीजी, माझ्या निम्म्या वयाची, वजनाने निम्म्याहून कमी. आधी बोट टोचून साखर, मग दंडाला बीपीचा पट्टा, मग मारा पाय. साडी नको म्हणाली. सलवार-कमीज शिवायला टाकली, टेलरने टेप दोनदा लावून पाहिली. लाजायचं वय गेलं, तरी लाजले.

४ डिसें.
थंडी मरणाची. पाय जड. मनूला अंघोळीला नेताना मध्येच स्टुलावर बसले, ती मांडीवर, दोघी तशाच. ज्योतीजीला सांगितलं तर रागावली. उचलताना मी श्वास रोखते म्हणे, तोच घात. "साँस छोड़ते हुए उठाइए, आंटी." आजवर कुणी सांगितलं नाही.
वजन जैसे थे. दुधीचा रस पिऊनसुद्धा. ह्यांनी राजा पार्कातून कचोऱ्या आणल्या. एक खाल्ली. अर्धी नाही, एक.

२६ डिसें.
भांडण. हे: "उद्या तुला काही झालं तर तिचं कोण?" मी: "आणि तिला धाडलीत तर माझं कोण?" माणूस वाईट नाही. घाबरलाय. मी काय कमी घाबरलेय?

१४ जाने. २००७
संक्रांत. गच्च्या गच्च पतंगांनी, सकाळपासून "वो काटा, वो काटा". मनूला खिडकीत बसवलं, आणि काय सांगू, सहज उचलली गेली! धाप नाही. खरं वाटेना म्हणून परत पलंगावर, परत खुर्चीत. मनू वैतागली. "आई, मतलब, मी काय धान्याची बोरी आहे का?" हसून हसून पुरेवाट.
तिळाचा लाडू मला बंद. मनूनेही घेतला नाही. "तू नाही तर मी पण नाही." गुणाची पोर.

३० जाने.
रोज हलकं वाटतंय. काटा हलत नाही, पण ज्योतीजी म्हणते काटा बघू नका, दम बघा. ह्यांना फोनवर सांगितलं. "बघू" म्हणाले. ह्यांचं बघू म्हणजे अर्धं हो. उन्हाळ्याआधी मनूला कानोत्याचं धरण दाखवायचं. तिला खूप दिवसांपासून एवढं मोठं पाणी बघायचंय.

२६ फेब्रु.
इको. "जैसा था, वैसा ही है." जिन्याचा दम थोडा वाढला, साखर किंचित उतरली. हृदय तसंच ताठ. व्यायाम सोडू नका, नाही तर आणखी बिघडेल. म्हणजे एवढं रगडायचं ते जागच्या जागी राहायला.
मी भांडलेच. म्हटलं, अहो पण मुलगी हलकी लागते मला, ते काय उगाच? "हाँ, थोड़ी ताक़त आई होगी." संपलं. घरी मनूने विचारलं, काय झालं. बरंय म्हटलं.

२८ फेब्रु.
मनूचं जेवण हाताशी झाकून ठेवून व्यायामाला गेले, साखर आधीच खाली. ज्योतीजीने दोन बिस्किटं चारली, थोडं बसवलं आणि घरी पाठवलं. भर दुपारी दार उघडलं तर मनू खिडकीशी, ताट मांडीवर, गजांतून गायीला पोळी घालत होती. भाजी आत घालून, नीट घडी करून. झाकून ठेवलेल्या सगळ्या पोळ्या गेल्या होत्या. गाय सरावलेली, हललीसुद्धा नाही.
विचारलं, कधीपासून? तिने ताट मागे सारलं. मग म्हणाली, "मी हलकी झाले ना, आई? मतलब, तू आता थकत नव्हतीस ना?"
तिची बाही वर केली. दंड नुसता काठीसारखा. रोज अंघोळ घालते मी या मुलीला. रोज. थंडीत घाईने पाणी ओतायचं आणि स्वेटर चढवायचा, बघितलंच नाही. मी आपली माझा दम मोजत बसले. आधी ओरडले तिच्यावर, मग रडले. ती माझे डोळे पुसत होती.

३ मार्च
होळी. पुरण केलं. ह्यांना सगळं सांगितलं, आधी मनूच्या खोलीत डोकावून आले. मग म्हणाले, "चौमूंला निदान पोटभर जेवेल तरी. इथे आपल्यापायी उपाशी राहतेय." तिने खाल्लं तर मला उचलवणार नाही. नाही खाल्लं तर...
चौमूंहून फोन आला होता. जागा झाली. पुढल्या रविवारी नुसतं बघून येऊ, हे म्हणाले.
मनूला समोर बसून भरवत होते. दोन घास घेतले, तिसऱ्याला तोंड मिटलं. "रविवारी मी पण येऊ? की तुम्ही दोघंच बघणार?"
म्हटलं, आधी जेव.