रजिस्टरमधला शेवटचा रकाना

प्रिय धाकल्या,

ताईकडे आहेस ते बरंच झालं. तिच्या बडबडीपुढे माणसाला दुःख करायलाही फुरसत मिळत नाही. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला लागलास म्हणे. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी शाबासकी दिली, आणि फोन ठेवून ढसाढसा रडलो.

आमच्या ऑफिसातलं अपघातांचं रजिस्टर तू पाहिलं आहेस. शेवटच्या रकान्यात मी एकच शब्द लिहितो, मायनर किंवा सिरियस. शाळेत मायनर म्हणजे किरकोळ, असं पाठ केलं होतं. कारखान्यात कळलं, मायनर म्हणजे मशीन चालू ठेवा. सिरियस लिहिलं की मशीनला कुलूप, तपासणी होईस्तोवर काम बंद आणि साहेबांचा पारा वर. बोट जागेवर आहे ना, मग मायनर लिही, असं ते म्हणायचे. मी पक्का होयबा. लिहायचो.

चार नंबरच्या प्रेसने उन्हाळ्यात पॅकिंगच्या मावशींचं नख उपटलं. मायनर. मग जाड्या फिटरचा अंगठा चेचला. तो शपथेवर सांगत होता की पायडलला पाय लावलाच नव्हता, मशीन आपोआप खाली आलं. मी त्याची टिंगल केली. मायनर. तिसऱ्या वेळी तर मी काय झालं हेही विचारलं नाही. चौथ्या वेळी तू होतास. बसून काम आहे, पोराचे पाय दुखणार नाहीत, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून मीच तुला त्या मशीनवर लावलं होतं रे.

आणि तू जगाला सांगत सुटलायस, मलाच डुलकी लागली असेल. गाढवा, तुला डुलकीबिलकी काही लागली नव्हती! सोमवारी साहेब फळं घेऊन ताईकडे येतील, गोड गोड बोलतील. खिशात कागद असेल, चूक माझी होती असं लिहिलेला. सही करू नकोस. डाव्या हाताचा अंगठासुद्धा उठवू नकोस. रजिस्टरमधली त्या आधीच्या तीन अपघातांची पानं मी आज सरकारी तपासनिसाच्या हातात दिली आणि अक्षर माझं आहे असं लिहून दिलं. नोकरी जाईल, कदाचित आतही जाईन. आईला अजून सांगितलेलं नाही. माफीचे चार कागद लिहून फाडले, तेव्हा माफी मागत नाही. यापुढे हात कसा गेला असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझाच,
दादा