पाटाशेजारची गुळाची डबी

प्रिय बाबा,

आज बारावीच्या वर्गातून धडा अर्धवट सोडून आले. घरी येऊन आधी हे लिहायला बसले. तुमच्याशिवाय आणखी कुणाला सांगू?

यकृताच्या पेशी जास्तीची साखर ग्लायकोजेन करून साठवतात, गरज पडली की तोडून रक्तात सोडतात, इथवर ठीक चाललं होतं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, इन्सुलिन घेऊन माणूस जेवलाच नाही, तर ती साठवलेली साखर बाहेर का येत नाही?" उत्तर मला पाठ आहे हो! पण मी पुस्तक मिटलं आणि वर्गाबाहेर पडले.

नोकरी लागली तेव्हा हाच धडा मी आधी तुमच्यापुढे शिकवला होता, कोथरूडच्या आपल्या स्वयंपाकघरात. तुम्ही शेंगा सोलत ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे यकृताला दोन साहेब. इन्सुलिनसाहेब म्हणणार साठव, ग्लुकागॉनसाहेब म्हणणार सोड. आमच्या ऑफिसासारखंच की! ज्याचा आवाज मोठा, त्याचं चालायचं." किती हसलो होतो आपण! वर्गात मी अजून तसंच सांगते.

मग आईच्या श्राद्धाच्या सकाळी मला ते का आठवलं नाही?

इन्सुलिनचं इंजेक्शन तुम्ही नेहमीच्या वेळी घेतलंत. श्राद्ध होईपर्यंत खायचं नाही, हा तुमचा नेम. पाटाशेजारी गुळाची डबी तेवढी ठेवली होतीत. मी ती उचलली. "डायबेटिस आणि गूळ? तोही श्राद्धाआधी?"

"असू दे गं, औषध आहे ते."

मला तो बहाणा वाटला. डबी वरच्या फळीवर गेली. गुरुजी ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकले. तुम्हाला घाम फुटला, तर मी पंखा वाढवला. पंखा, बाबा! रक्तातली साखर संपत आली होती आणि इंजेक्शनचा साहेब यकृताला 'साठव, साठव' म्हणतच होता. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाहीत तुम्ही.

एकदा ओरडून डबी मागायची होतीत! लेकीचा शब्द मोडवला नाही का? कसला हो हा लाड?

डबी अजून फळीवरच आहे. गुळाला पाणी सुटलं असेल. माझा हात तिथवर जात नाही.

उद्या मात्र काढणार. त्या मुलीला उत्तर द्यायचंय. तुमचे दोन साहेब सांगेन. डबी टेबलावर ठेवून सांगेन, की इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाला घाम फुटला तर आधी गूळ द्यायचा, वाद नंतर घालायचा. आणि ही डबी कुणी उचलली होती, तेही सांगेन. वचन देते, बाबा.

तुमची,
सुमी