मी सोडणार नाही, त्यांनी काढावं

४ ऑगस्ट, सोमवार
आल्हाद सरांनी आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला ‘आजोबा’ म्हटलं. माझं वय चव्वेचाळीस. मागच्या आठवड्यात माझं टेबल स्टोअरमधून उचलून संडासाच्या दाराशी नेलं, तेव्हाही मी गप्प होतो. लोक याला घाबरणं म्हणतात. मी संयम म्हणतो.
ठरलं. कंपनी सोडायची.

५ ऑगस्ट
सोडायची नाही! पॅकिंगमधल्या मृण्मयीकडून कळलं की सरकारी कामगार विम्यातून बेरोजगारीचा भत्ता मिळतो, पण कंपनीने कमी केलं तरच. राजीनामा दिला तर नाही. गैरवर्तनासाठी काढलं तरी नाही. म्हणजे सरांना शिव्या देऊन भागणार नाही. (तयार होत्या.)
नवा प्लॅन : अत्यंत नम्रपणे निरुपयोगी व्हायचं.
बायकोला सांगितलं. वैष्णवी म्हणाली, यात नवीन काय? तिला स्ट्रॅटेजी कळत नाही.

८ ऑगस्ट
मोहीम सुरू. कामाचा स्पीड निम्म्यावर आणला.

१३ ऑगस्ट
कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. स्पीड याहून कमी केला तर झोप लागते.

१९ ऑगस्ट
विजय! ऑर्डरी घटल्यात. महिनाअखेर काही माणसं कमी करणार. मृण्मयी म्हणाली, तुमचं नाव पक्कं, माझंही आहे बहुतेक. घरात कमावणारी ती एकटीच. रडवेली झाली होती. मी धीर दिला की अशा यादीत यायलाही क्वालिटी लागते. ती उठून गेली.
संध्याकाळी वैष्णवीला गंगापूर रोडला मिसळ खाऊ घातली. तिने बजावलं, कुठे सही करू नका. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

२२ ऑगस्ट
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची! चहा! म्हणाले, “साहेब, तुमच्यासारख्या सिनियर माणसाला काढलं असं कोणी म्हणायला नको. ताठ मानेने, स्वतःहून जा.”
साहेब!
राजीनामा त्यांनीच टाइप करून ठेवला होता. केवढी काळजी! मृण्मयीलाही दिला होता म्हणे, पण तिने सही केली नाही. काही लोकांना मान घेता येत नाही.
मी केली. सरांनी हात मिळवला. डोळे भरून आले. माझे.

२३ ऑगस्ट
वैष्णवी बोलत नाही. आनंद पचायला वेळ लागतो.

१० सप्टेंबर
विमा ऑफिस. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “काढलं की सोडलं?” मी म्हणालो, सन्मानाने. त्या म्हणाल्या, “सन्मानाचा रकाना नाहीये.” मग राजीनामा बघितला आणि पुढच्याला हाक मारली.
पुढची मृण्मयी. तिला कंपनीने रीतसर कमी केलंय. तिचा अर्ज घेतला.
बाहेर तिने मला चहा पाजला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर
विंचूरला मेहुण्याच्या कांद्याच्या खळ्यावर रुजू झालो. अमोल माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मजुरांसमोर ओरडला, “दाजी, लय हळू चाललंय तुमचं, असं नाय जमायचं!”
घरी येऊन वैष्णवीला सांगितलं. ती म्हणाली, घरचंच आहे, तिथून तुम्हाला कोणी काढणार नाही.
आणि सोडताही येणार नाही.