कडूबाईनं चुडा भरला नाही, त्याची हकिकत

मुक्काम तेलगाव, वैशाख वद्य तृतीया, फसली १३२४

तीर्थस्वरूप केसरआक्का यांच्या पायांशी धाकट्या भावाचा, सुंदररावाचा दंडवत. इकडे सर्व ठीक आहे (ठीक म्हणजे किती, ते पुढे येईलच). तुमचे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला लिंबागणेशच्या गणपतीला तरी दाद देतो की नाही? नात छबूचं लग्न बीडच्या भगवानरावांशी ठरवलंत, आणि तिला चुडा भरायला आमच्या कडूबाई कासारणीलाच धाडा, असा तुमचा निरोप मिळाला. त्याचं शेवटी लिहितो.

आता माझ्या लग्नाचं. ते झालं नाही. आक्का, आधी खाली बसा, घोटभर पाणी प्या (वाचून दाखवणाऱ्या दाजींनीही जरा थांबावं), मग पुढं ऐका.

चूक सगळी माझीच. कडूबाईच्या हातानं हिरवा चुडा भरला की ती बाई नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशीच जाते, असा तेलगावचा भरवसा. माझ्या दोन्ही बायकांना तिनंच चुडा भरला होता. दोघीही सवाष्ण गेल्या आणि मी ठणठणीत उरलो. म्हटलं, एवढा शकुनाचा हात तिसऱ्या वेळी कशाला बदलायचा? म्हणून तिला मी आपल्याच गाडीत, गादीवर बसवून नवरीच्या गावी, पालीला नेली. मी स्वतः पुढं गाडीवानाशेजारी धूळ खात बसलो. वरून मिशांना कलप लावलेला. पालीला पोचेपर्यंत घामानं तो निम्मा अंगरख्यावर उतरला होता.

जानवशाला टेकतो न टेकतो तोच मुलीचे वडील धर्मराज घाबरेघुबरे धावत आले. म्हणाले, "रावसाहेब, कडूबाई पोरीचा हात हातात धरून बसलीया, पर भरीना. काय बोलंना बी." नवरदेवानं त्या वेळी मुलीच्या घरी जायची रीत नाही, पण मी गेलो. ओसरीवर बायकांचा घोळका, मधे कडूबाई पेटी उघडून बसलेली, आणि समोर ती पोर. पोर बारा वर्षांची, आक्का. (तुम्ही सोळा सांगितली होतीत. माझं वय पालीकरांना चाळीस सांगितलंत आणि स्वतःचं अडतीस. आपल्या आईला हे कळतं तर ती चक्रावून गेली असती.) सगळ्यांत लहान मापाची हिरवी बांगडी कडूबाईनं तिच्या हातात घालून बघितली, तर ती सरळ कोपरापर्यंत गेली आणि हात खाली करताच जमिनीवर पडली. पोर हसली. बाकी कुणी हसलं नाही.

मी आवाज चढवला. पैठणी देतो म्हणालो. मग तहसीलदारांना सांगून तुझं बाजारात बसणं बंद करीन म्हणालो. (तहसीलदार मला ओळखतही नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.) कडूबाई बधली नाही. तोंडातली मिश्री थुंकून आली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "करा बंद. पर मालक, चुडा भरला की मला तोंडानं म्हनावं लागतं, नवऱ्याच्या आधी जा, बाई. न म्हनता भरलेला चुडा म्हंजी नुसती काच. तुमच्या दोगींना म्हनलं, दोगी बी गेल्या. तुमी हायेत. माझं बोलनं लागतं. आता ह्या लेकराला म्हनलं अन् लागलं, तर हे बी जानार. न्हाई लागलं, तर पांढरं कपाळ घिऊन जलमभर कोपऱ्यात बसनार. ह्यातलं कोनतं म्हनू? तुमीच सांगा, तसं म्हनते."

आक्का, मी वाकून खाली पडलेली ती बांगडी उचलली आणि तिच्या पेटीत ठेवली. आयुष्यात मी पाटलांना, वकिलांना, खुद्द दाजींना बोलण्यात हरवलंय, पण या बाईनं मला हरवलं. त्या दोघींनी आपल्या आयुष्याची दोरी तोडून मला दिली होती आणि मी त्याला शकुन म्हणत होतो. धर्मराज पालीच्याच दुसऱ्या कासाराकडे धावले. तो म्हणाला, "कडूबाईनं सोडलेला हात मी न्हाई धरायचा." चुड्यावाचून नवरी बोहल्यावर उभी राहत नाही. मुहूर्त निघून गेला.

पण मला सांगायचंय ते हे नव्हे. कडूबाईनं हिरव्या बांगड्यांचा माळगा आवरला, पेटीच्या तळातून तांबड्या, पोरींच्या खेळण्यातल्या बांगड्या काढल्या आणि त्या लेकराच्या दोन्ही हातांत भरल्या. नेमक्या बसल्या. कासाराच्या पुढ्यातून पोरीचा हात रिकामा उठत नाही, म्हणाली. मग नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "मोठी हो, बाई." एवढंच. मी पागोटं काढून हातात घेतलं. का काढलं, ते मला आजही सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर गाडी एकच, तेव्हा कडूबाई गादीवर आणि मी मांडीवर बाशिंग घेऊन पुढं. अर्ध्या वाटेत तिनं मला आपली भाकर मोडून दिली. मी खाल्ली. घरातल्या लहानांना आशीर्वाद. पण तो नीट विचार करून द्यावा, असं हल्ली वाटतं.

तुमचा
सुंदरराव (वय चोपन्न)

ताजा कलम: कलपाची बाटली सोबत पाठवतो. मला आता नको. भगवानरावांना लागेल. पंतोजींकडे मी धूळपाटीवर पहिलं अक्षर गिरवत होतो, तेव्हा भगवानराव थोरल्या पोरांत बसून पावकीचे पाढे म्हणत होते.

आणखी एक: कडूबाईला तुमच्या निरोपाप्रमाणे लिंबागणेशला धाडली आहे. या पत्रामागोमाग पोचेल. तिनं नवरदेवाचं वय विचारलं, मी खरं सांगितलं. आक्का, तिला दारातून परत लावू नका, छबूला तिच्यापुढं बसू द्या, एवढंच मागणं. तिनं पेटीत हिरवी बांगडी एकही घेतलेली नाही.