निळ्या गाडीवरचे पांढरे डाग

यूमा, अ‍ॅरिझोना
सोमवार, १५ मार्च

प्रिय व्हर्ना,

तुझ्या तळघरातली खोली आमच्यासाठी एप्रिलपर्यंत रिकामी ठेवतेस म्हणालीस, आणि मी फोनवर धड आभारही मानले नाहीत. लायल शेजारी होता. चाळीस फुटी घरगाडीत नवरा कुठेही बसला तरी शेजारीच असतो. म्हणून घरगाड्यांच्या पार्कातल्या कपडे धुवायच्या खोलीत बसून हे लिहितेय. मशीन थांबायच्या आत संपवायला हवं, नाहीतर तो शोधत येईल.

डॉक्टरांनी नोव्हेंबरातच त्याला बजावलं, डोळे अधू झालेत, आता गाडी चालवायची नाही. मला तर हे धूड बघूनच धडकी भरते. सस्कॅचवनचं घर विकून आम्ही यात राहायला लागलो तेव्हा सगळ्यांना आमचा हेवा वाटला होता. आता चार महिने गाडी जागची हललेली नाही आणि आम्हीही नाही. ती विकली गेली तरच मी इथून सुटेन. सकाळी उठून छताकडे बघते ना, तेव्हा खरंच जीव गुदमरतो गं.

पण आधी डाग काढायचे, हा लायलचा हट्ट. इथल्या विहिरीचं पाणी फार क्षाराचं. गडद निळ्या रंगावर थेंब वाळला की पांढरं वर्तुळ मागे राहतं. गाडी धुवायची परवानगी फक्त मंगळवारी, तीही दहाच्या आत. मग उजाडल्यापासून आम्ही सावलीच्या बाजूला जुंपलेले. व्हिनेगर आणि बाटलीतलं शुद्ध पाणी निम्मंनिम्म घ्यायचं, त्यात भिजवलेलं फडकं डागांवर दाबून धरायचं, ते सैल झाले की हलक्या हाताने पुसायचे, पुन्हा शुद्ध पाणी ओतायचं आणि लगेच कोरडं करायचं. पाणी उन्हात वाळू दिलं की सगळी मेहनत वाया. माझ्या केसांनासुद्धा व्हिनेगरचा वास येतो. पलीकडची बर्निस दर मंगळवारी विचारते, "काय गं डोरीन, आज काकड्यांचं लोणचं की नवऱ्याचं?" मी हसते. दुसरं काय करणार?

परवा शनिवारी आयडाहोचं एक जोडपं गाडी बघायला आलं. बाई आत हिंडून आली, पुरुषाने इंजिन ऐकलं. म्हणाला, "डागांचं काय घेऊन बसलात काका, आम्ही चिखलातून जाणारी माणसं. आत्ता घेतो." व्हर्ना, मी मनातल्या मनात बॅगा भरल्यासुद्धा! आणि लायल म्हणाला, "अशी डागाळलेली गाडी मी कुणाच्या गळ्यात मारत नसतो. दोन आठवड्यांनी या." ते कसले पुन्हा येतात.

काल दुपारी मी चर्चमधून लवकर परतले. भर उन्हात, नियम धाब्यावर बसवून, हा नळी घेऊन गाडीवर विहिरीचं पाणी उडवत होता. मी मंगळवारी घासून लख्ख केलेल्या बाजूवरच. मग नळी बंद करून, हातात फडकंही न घेता, नुसता उभा राहिला. पाणी वाळेपर्यंत. किती मंगळवार असे गेले असतील, कोण जाणे. मी ओरडणारच होते, तेवढ्यात मागे न बघता म्हणाला, "विकली की मी काय करू डोरीन? तुझ्या बहिणीच्या तळघरात खिडकीतून लोकांचे बूट मोजत बसू?"

मला दया आली आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. माझे खांदे दुखताहेत ते त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, असं थोडंच आहे? रात्री मी त्याला सांगितलं, एक तारखेला मी निघणार. सकाळी दोघांची कॉफी त्यानेच केली.

हे पत्र त्यासाठीच. तू चाळीस वर्षं धान्याचा ट्रक हाकलास. विमानाने इकडे ये आणि ही गाडी, तिच्या डागांसकट आणि त्याच्यासकट, तुझ्या अंगणात नेऊन लाव. तिथे तो तिला जन्मभर घासत बसू दे, मी तळघरात राहीन. बाईच्या हातात स्टिअरिंग द्यायचं म्हणजे तो आकांडतांडव करील, ते मी बघून घेते. आणि तुला जमणार नसेल तर तसं कळव. मग एक तारखेच्या बसने मी एकटीच येईन. लग्नाच्या सदतीस वर्षांत 'एकटीच' हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला, आणि तो खोडलेला नाही.

तुझीच,
डोरीन