‘प्राइड’ची व्युत्पत्ती आणि माझा राजीनामा

२ मार्च, सोमवार

आज मोठे सर स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले आणि ‘प्राइड’ हा शब्द मला देऊन गेले. अर्थ, छटा, उदाहरणं, व्युत्पत्ती, सगळं मी लिहायचं. आमच्या इंग्रजी-मराठी कोशात आजवर मला ‘पिलो’, ‘पिन’, ‘पॉरिज’ असले किरकोळ शब्द मिळत. ते मी मन लावून केले, पण सिंहाला उंदीर मारायला लावल्यासारखं वाटायचं.

यामागचा अर्थ न कळायला मी काही दुधखुळा नाही. मोठे सर महिनाअखेर निवृत्त होतात. मुख्य संपादकाची खुर्ची रिकामी होणार. सेवाज्येष्ठतेने, विद्वत्तेने आणि उंचीने ती माझी आहे. दुसरं नाव घेतात ते टाचणीबाईंचं. कागद दिसला की चिठ्ठी टोचतात, म्हणून टाचणीबाई. यांना स्वल्पविराम कुठे द्यावा हे मी शिकवलं!

संकल्प: १) नोंद आटोपशीर लिहायची. २) खुर्ची मिळेपर्यंत नम्र राहायचं.

३ मार्च

अर्थ झाले. इंग्रजाची गरिबी बघून वाईट वाटलं. बिचाऱ्याकडे सगळ्यासाठी एकच शब्द. सिंहांच्या कळपालाही तोच! (हे मात्र मला पटलं.) आपल्याकडे अभिमान, गर्व, ताठा, तोरा, ऐट, मिजास, घमेंड, माज, अशी रांग उभी आहे. स्वतःला असतो तो अभिमान. शेजाऱ्याला असतो तो ताठा. मेहुण्याला असतो तो माज.

कोशाचा नियम असा की उदाहरणाचं वाक्य प्रत्यक्ष कानांनी ऐकलेलं हवं. म्हणून घरी कान टवकारून बसलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली की ताठा बाजूला ठेवा आणि तो गॅस बंद करा, दूध उतू चाललंय. वाक्य घेतलं नाही. फारच घरगुती.

४ मार्च, सकाळी, अंघोळ अर्धवट

सापडली! प्राइडची खरी व्युत्पत्ती सापडली! डोक्यावर तांब्या ओतता ओतता.

प्राइड म्हणजे आपली प्रौढी. प्रौढी मिरवणे, त्यातली. प, र, ड. जहाजातून माल जातो तसा शब्द गेला, वाटेत थंडीने थोडा आखडला, एवढंच. इतकी वर्षं जगातल्या एकाही पंडिताच्या हे लक्षात येऊ नये!

दारातूनच हिला ओरडून सांगितलं. ही म्हणाली की पाणी तापवायचं बटण बंद करून या. कन्येने फोनवर बघून सांगितलं की बाबा, इथे तर फ्रेंच लिहिलंय. मी म्हटलं, फोन अंघोळ करत नाही.

५ मार्च, गुरुवार

गुरुवारी आमच्याकडे वाचन असतं. ज्याने नोंद लिहिली त्याने तोंड मिटून बसायचं, दुसऱ्याने ती मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी चुका काढायच्या. मोठ्या सरांचं म्हणणं, कोश विकत घेणाऱ्याच्या घरी लेखक समजावून सांगायला जात नाही, तेव्हा सवय आत्तापासूनच असलेली बरी.

माझी नोंद टाचणीबाईंनी वाचली. गप्प बसायचं ठरवलं होतं. पहिली ओळ संपेपर्यंत बसलोही.

बाई म्हणाल्या की सर, शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, तिथे तो आला ‘शूर’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून, आणि त्याच्याही मागे लॅटिनमध्ये ‘उपयोगी पडणे’ असा अर्थ आहे. मी म्हटलं, उपयोगाचा आणि गर्वाचा संबंध काय? उपयोगी माणसाला गर्व करायला वेळ कुठे असतो? सगळे माझ्याकडे बघत राहिले. मुद्दा बिनतोड होता.

मोठ्या सरांनी विचारलं की प्रौढी तिकडे कोणी नेली, कधी, कुठल्या जुन्या कागदात दिसते? मी म्हटलं, नेली नाही याचा पुरावा द्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. हरलेली माणसं असंच करतात. वर म्हणाले की चार ओळी पुरे आहेत, तुम्ही पाच पानं लिहिलीत.

९ मार्च

नोंद सुधारली. आता सात पानं.

टाचणीबाईंची चिठ्ठी होती, थोडं कमी करता येईल का? तिलाच उत्तर म्हणून दीड पान वाढवलं.

दुपारी मोठे सर दात दाखवायला गेले होते. खोलीत कोणी नव्हतं. खुर्चीत बसून पाहिलं, नुसतं मापासाठी. पाठ चांगली आहे. जरा उंच वाटली म्हणून खालचा दांडा ओढला. खुर्ची एकदम खाली गेली आणि काही केल्या वर येईना. सर परत येऊन बसले तेव्हा त्यांची हनुवटी टेबलाला लागली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी तोंड मिटून होतो. माझ्यावर संयम नसल्याचा आरोप करणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

१२ मार्च, गुरुवार

दुसरं वाचन.

छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा होता. ‘प्राइस’ तयार, ‘प्रीस्ट’ तयार, मधे मी. शास्त्रीय शब्द बघणारे आमचे विज्ञानवाले मध्येच फिसकन हसले. का, तर मी म्हटलं की लॅटिन ही तशी अलीकडची भाषा आहे. टाचणीबाई हळूच म्हणाल्या की सर, तुमचे अर्थ इतके सुंदर झालेत, त्या व्युत्पत्तीपायी ते का अडकवता? गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

मोठे सर म्हणाले की पुराव्याशिवाय कोशात काही जात नाही, अगदी त्यांचं स्वतःचंही नाही. मग मी उभा राहिलो. म्हटलं, एक तर प्रौढी कोशात जाईल, नाही तर मी कोशातून जाईन.

कुणी तरी डब्याचं झाकण लावलं.

मोडेन पण वाकणार नाही.

१३ मार्च

राजीनामा लिहिला. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. मोठ्या सरांच्या टेबलावर, ते नसताना, ठेवून आलो. समोर ठेवला असता तर म्हातारा कोसळला असता.

अंदाज: दुपारपर्यंत फोन. संध्याकाळी शिष्टमंडळ. हिला म्हटलं, बाहेरची खोली आवरून ठेव. ही म्हणाली की तुमचीच पुस्तकं आहेत, तुम्हीच आवरा.

शिष्टमंडळ बहुधा उद्या.

१४ मार्च

फोन बिघडला असावा. हिला आतल्या खोलीतून लावायला सांगितला. वाजला.

१६ मार्च

हादरले! विज्ञानवाल्यांचा फोन आला. परवा फिसकन हसणारा माणूस आज इतक्या हळू आवाजात बोलत होता की मलाच दया आली. म्हणाला, आराम करा, घशाला जपा, जास्त बोलू नका. माझ्या आवाजाची किंमत ऑफिसला आता कळते आहे. मी म्हटलं, मी ठाम आहे. तो म्हणाला, ठाम राहा, पण गार पाणी टाळा. भावनेच्या भरात माणूस काहीही बोलतो.

१७ मार्च

हिची बँक ऑफिसच्या रस्त्यावर आहे. टाचणीबाईंनी हिला वाटेत गाठून मधाची बाटली दिली आणि निरोप दिला की लवकर या, तुमच्यावाचून अडलंय.

सरळ सरळ लाच आहे. आता लेखी विनंती आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मधाला हात लावणार नाही.

संध्याकाळी: दोन चमचे, फक्त प्रत बघण्यासाठी.

१९ मार्च, गुरुवार

वाचनाच्या वेळेला फार चुकल्यासारखं झालं. म्हणून जेवणाच्या टेबलावर घरीच वाचन ठेवलं. वाचणारा मी, आणि नियम असा की ऐकणाऱ्यांनी तोंड मिटून बसायचं. नोंद आता अकरा पानांची आहे.

ही गप्प बसली नाही. म्हणाली की तुम्हाला ती खुर्ची हवी आहे ना? मग ती तिकडे आणि तुम्ही इकडे, हा काय हिशेब? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ही म्हणाली, तत्त्व कुठलं, तुम्हाला चुकलं म्हणायला जड जातं.

कन्या म्हणाली की बाबा, त्यांनी दुसऱ्याच कुणाला बसवलं तर?

भीती वाटली. इतकी वर्षं त्या खोलीकडे बघत काढली आहेत, दुसरीकडे कुठे जायचं मला माहीत नाही. हे इथे लिहितो कारण ही रोजनिशी कोणी वाचत नाही. उद्या फोन येईलच.

२० मार्च

नाही आला.

२३ मार्च

निर्णय घेतला. ऑफिसात जायचं. माघार म्हणून नव्हे! माझी छत्री तिथे आहे, चहाचा कप आहे, आणि राजीनामा दिलेल्या माणसाने आपल्या वस्तू शत्रूच्या ताब्यात ठेवू नयेत. मान ताठ ठेवून आत जायचं, वस्तू घ्यायच्या, मान ताठ ठेवून बाहेर यायचं. त्यांनी हात धरला तर काय करायचं ते आयत्या वेळी बघू. हिने शर्टाला इस्त्री करून दिली.

२४ मार्च

गेलो.

दारातच विज्ञानवाले भेटले. म्हणाले, काय, सर्दी बरी झाली का? पुढे आणखी एकाने विचारलं. मग आणखी एकाने. मला वाटलं, टोमणा आहे. पण चेहरे सरळ होते.

माझ्या टेबलावर माझा राजीनामा पडला होता. मोठ्या सरांच्या लाल पेन्सिलीखालून आजवर धड काही सुटलेलं नाही, हाही सुटला नव्हता. दोन पानं लाल रेघांनी पूर्ण खोडलेली. मी लिहिलं होतं: ‘ज्या कार्यालयात विद्वत्तेची कदर नाही त्या कार्यालयाची प्रकृती ठीक नाही, आणि अशा ठिकाणी माझ्यासारखा स्वाभिमानी माणूस यापुढे एक दिवसही येऊ शकत नाही.’ त्यातलं उरलं होतं: ‘प्रकृती ठीक नाही. येऊ शकत नाही.’ खाली सरांच्या अक्षरात, रजा मंजूर.

तो कागद घेऊन तावातावाने त्यांच्या खोलीत गेलो. खुर्चीत टाचणीबाई होत्या. मोठे सर बाजूच्या स्टुलावर बसून आपली पुस्तकं खोक्यात भरत होते.

बाई कुणाला तरी चहा सांगायला बाहेर गेल्या, तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले की शुक्रवारी निवड झाली, त्यांनी स्वतः माझंच नाव सुचवलं होतं. निवड समितीने विचारलं, गृहस्थ आहेत कुठे? त्यांना बोलावून घ्या, दोन शब्द बोलू. आता राजीनामा कसा दाखवायचा? सरांनी सांगून टाकलं, सर्दी झाली आहे. समिती म्हणाली की सर्दीला इतके दिवस? आणि पुढच्या नावाकडे वळली. रोज सकाळी वाटायचं, आज याल, असंही सर म्हणाले. मग खोक्याला दोरी बांधायला लागले. मी दोरीच्या गाठीवर बोट धरलं.

‘प्राइड’ चार ओळींत छापून गेला. व्युत्पत्ती बाईंची. अर्थ सगळे माझे, एकही शब्द बदललेला नाही.

टाचणीबाई परत आल्या. मला बघून खुर्चीतून अर्ध्या उठल्या. म्हणाल्या की सर, ‘क्यू’चं अक्षर सुरू करायचंय, तुम्ही घ्याल का? आणि सर्दी पूर्ण गेली ना?

राजीनामा माझ्या हातात होता. लाल रेघांखालचं माझं प्रत्येक अक्षर अजून वाचता येत होतं. समोर धरून खणखणीत सांगायचं होतं की मला काहीही झालेलं नव्हतं, मी हा फेकून गेलो होतो.

अजून थोडी आहे, म्हणालो. आणि शिंकून दाखवलं.